छोट्या रहस्यकथा वाचताना: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे, त्यात रहस्यकथांची पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक, चावी माझ्याकडे. पुस्तक परत करताना, लिफ्टमध्ये आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. यापुढे कोणी विचारलं की नुसता नंबर पाठवणार आहे. आणि हो, खाली कुठल्याही गोष्टीचा खुनी सांगितलेला नाही, बिनधास्त वाचा.

१. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा, थरारकथा... हे सगळं एकच ना?

दुकानात एकाच फळीवर असतात म्हणून तसं वाटतं. रहस्यकथेत शेवटी उत्तर मिळतं आणि ते उत्तर म्हणजे माणूसच असतो, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. गूढकथेत उत्तर मिळेलच असं नाही, मिळालं तरी मनात काहीतरी रेंगाळत राहतं, रत्नाकर मतकरी वाचलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय. भयकथा हा नारायण धारपांचा प्रांत, तिथे जे काही येतं ते बऱ्याचदा माणूस नसतं. थरारकथेत कोणी केलं हे बहुतेक वेळा माहीतच असतं, प्रश्न एवढाच की आपला माणूस वेळेत पोचतो का.

एवढं सांगायचं कारण म्हणजे भलत्या अपेक्षेने उचललेली गोष्ट हमखास फसलेली वाटते. एका काकांनी गूढकथांचा संग्रह परत करताना तक्रार केली, "खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही." त्यात खून नव्हताच.

२. मी यातलं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

शेरलॉक होम्सपासून, पण कादंबरी नको, छोट्या कथा घ्या. होम्सच्या कादंबऱ्या फक्त ४ आणि कथा ५६, आणि जीव आहे तो कथांमध्येच. पहिल्या १२ कथा १८९१-९२ मध्ये लंडनच्या स्ट्रँड मासिकात दर महिन्याला एक अशा आल्या, प्रत्येक स्वतंत्र, मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. मराठीत भालबा केळकरांनी या कथा आणल्यात, भाषा जुन्या वळणाची आहे पण पाचव्या पानाला सवय होते.

त्यानंतर बंगालकडे वळा. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत छान आणलाय, पुस्तकं पातळ, एका दुपारची. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ पासूनचा, त्याला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, आणि त्याच्या गोष्टीतले गुन्हे आपल्या वाड्यातल्या भांडणांसारखे वाटतात, इस्टेट, दत्तक, सावत्र भाऊ. मला विचाराल तर होम्सपेक्षा ब्योमकेश आपल्याला जवळचा आहे, पण हे माझं मत झालं, यावरून आमच्याकडे दोन जण अजून बोलत नाहीत.

मराठीतल्या जुन्या मंडळींसाठी पुढचा प्रश्न बघा.

३. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक वगैरे आज वाचवतात का? की नुसता नॉस्टॅल्जिया?

दोन्ही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड, धनंजय या त्यांच्या नायकांची नावं घेतली की सत्तरी ओलांडलेला माणूस एकदम सरसावून बसतो. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास हे त्यानंतरच्या पिढीचे. ही पुस्तकं लायब्ररीत दिवसाच्या भाड्याने जायची, त्यामुळे लिहिलेलीही तशीच आहेत, पहिल्या पानावर किंकाळी, दुसऱ्या पानावर गाडी, जेवणाआधी संपलं पाहिजे म्हणजे उद्याचं भाडं वाचतं.

आज वाचताना वेग अजूनही पकडतो, खरंच. खटकतं ते वेगळं. बायका एकतर बेशुद्ध पडतात नाहीतर खलनायिका असतात, आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस तीन सेकंदात आडवा (प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत समोरचा गप्प बसत नाही). शिवाय त्या काळात बरंच काही इंग्रजीवरून बेतलेलं असायचं. ते ओळखायची माझी स्वतःची एक पद्धत आहे, पुण्याच्या बंगल्यात मे महिन्यात फायरप्लेस पेटलेली दिसली की समजायचं गोष्ट बोटीतून आली आहे.

सुरुवातच इथून करू नका एवढंच म्हणेन. आधी दोन-चार नीट बांधलेल्या गोष्टी वाचा, मग यांच्याकडे या, म्हणजे मजा कशाची घ्यायची ते कळतं. जुन्या दिवाळी अंकांमध्ये 'नवल' आणि 'धनंजय' मिळाले तर सोडू नका, या प्रकारच्या कथांना त्यांनी वर्षानुवर्षं हक्काची जागा दिली.

४. लोकलमध्ये तुकड्या तुकड्यात वाचलं तर चालतं का?

कादंबरी चालते, कथा नाही. म्हणजे कोणी पकडून नेणार नाही, पण गोष्ट मरते. एडगर ॲलन पो, ज्याची १८४१ ची एक कथा बहुतेक जण पहिली डिटेक्टिव्ह कथा मानतात, त्याचंच म्हणणं होतं की कथा अर्धा तास ते फार तर दोन तास अशी एका बैठकीत वाचून व्हावी, मध्ये उठलात की बाहेरचं जग आत घुसतं. रहस्यकथेत तर नुकसान डबल, कारण तिसऱ्या पानावरची फुटकळ वाटलेली ओळ चौदाव्या पानावर लागते आणि मध्ये तुम्ही ऑफिसात आठ तास घालवून आलेले असता.

डोंबिवली ते सीएसएमटी बसायला जागा मिळाली तर एक कथा आरामात होते. जागा नाही मिळाली तर त्या दिवशी गाणी ऐका. घाटकोपरला गर्दीत पुस्तक मिटावं लागलं तर पुन्हा उघडताना मी सरळ पहिल्या पानापासून वाचते, वेडेपणा वाटतो, पण वीस पानांची गोष्ट आहे, काय बिघडतं.

५. मला खुनी कधीच ओळखता येत नाही, नवऱ्याला मात्र दुसऱ्या पानावर कळतो. माझं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही. बहुतेक वेळा नवरोबा क्लू वाचून ओळखत नाहीत, ते माणसाचा नमुना बघून ओळखतात, "जो सगळ्यात गोड बोलतो तो." छोट्या कथेत पात्रंच चार असतात, त्यातला एक मेलेला, एक तपास करणारा, उरले दोन. टॉस केला तरी निम्म्या वेळा बरोबर.

क्लू वाचून ओळखणं ही वेगळी गंमत आहे. आमच्या कपाटाच्या मंडळींसाठी मी एक उतारा तयार केला होता, तो देते.

"सकाळी सात वाजता गंगूबाई कामाला आल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये पंखा चालू, टीपॉयवर आजचा पेपर घडी घालून ठेवलेला, आणि आरामखुर्चीत अण्णा, गळ्याभोवती नायलॉनची निळी दोरी. डॉक्टर म्हणाले, मरून निदान सहा तास झालेत. शेजारचे सामंत म्हणाले, रात्री अकरानंतर कोणी आलं नाही, गेलं नाही."

वाचून झाल्यावर विचारलं की काय आठवतंय, सगळ्यांना दोरी आठवली, रंगासकट. सामंतांवर संशय बऱ्याच जणांनी घेतला, का तर बोलला म्हणून. पेपर कोणालाच आठवला नाही. आता बघा, अण्णा रात्री एकच्या आतच गेले, मग सकाळी आलेला पेपर आत कोणी आणला, आणि मढ्याशेजारी घडी घालून नीट ठेवला कोणी? म्हणजे पेपरवाला येऊन गेल्यावर त्या घरात कोणीतरी जिवंत माणूस होता, आणि तो घरचाच असावा, कारण पेपर दिसला की उचलून आत ठेवायची हाताला सवय आहे.

यात लपवाछपवी काहीच नाही, 'आजचा' हा शब्द तुमच्या डोळ्यांसमोर छापलाय. फक्त तो तीन गोष्टींच्या मध्ये ठेवलाय आणि लगेच नंतर प्रेत आणलंय. क्लू नेहमी मोठ्या आवाजाच्या आधी पडतो. पुढच्या वेळी दचकायला झालं की थांबा आणि त्याच्या आधीची दोन वाक्यं परत वाचा, एवढंच करा महिनाभर, नवऱ्याच्या पुढे जाल.

६. कधीकधी शेवटी लेखकाने फसवलं असं वाटतं. चकवा आणि फसवणूक यात फरक काय?

वरचा पेपर हा चकवा. तोच पेपर शेवटच्या पानावर पहिल्यांदा आला असता तर फसवणूक. परत मागे जाऊन बघितल्यावर कपाळावर हात मारावासा वाटला पाहिजे, पुस्तक फेकावंसं नाही.

यावर लोकांनी नियमसुद्धा केलेत. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये १० नियम सांगितले. भुयार किंवा गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, आजवर कोणाला माहीतच नसलेलं विष चालणार नाही, तपास करणाऱ्यानेच खून केलेला चालणार नाही, जुळा भाऊ आणायचा तर आधी वाचकाची तयारी करून घ्या. जुळ्या भावाचा नियम वाचून मला आपले जुने हिंदी सिनेमे आठवतात, तिथे हा नियम लावला असता तर निम्मे थिएटरला लागलेच नसते.

हे नियम चांगल्या लेखकांनीही मोडलेत आणि त्यातल्या काही गोष्टी फार भारी आहेत. पण मोडायला ऐपत लागते.

७. कोणीतरी शेवट फोडला. आता वाचण्यात काही अर्थ आहे का?

आमच्या कपाटातल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर, नावाच्या खाली, कोणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "ड्रायव्हरने मारलं." मी खोडरबर घेऊन बसले होते, मग म्हटलं वाचून तरी बघू. वाचली तर प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर काय करतो, कुठे उभा आहे, कोणाकडे बघतो हेच दिसत राहिलं, आणि लेखिकेने त्याला किती शिताफीने आपल्यासमोरून नेलाय ते कळलं. पहिल्यांदा वाचताना जे लपतं तेच दुसऱ्यांदा दिसतं, त्यामुळे फुटलेला शेवट म्हणजे थेट दुसरं वाचन हातात आलं असं समजा.

तरीही फोडणाऱ्याला माफी नाही. आणि गंमत म्हणजे ड्रायव्हरने मारलेलं नव्हतंच.

८. काही गोष्टींत खुनी पहिल्याच पानावर सांगून टाकतात. मग वाचायचं काय?

पकडला कसा जातो ते. किंवा जातो का तेच. ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर लेखकाने १९१२ च्या संग्रहात हा उलटा प्रकार रूढ केला, आधी गुन्हा जसा झाला तसा दाखवायचा आणि मग तपास. इथे आपण नकळत गुन्हेगाराच्या बाजूने श्वास रोखून बसतो, दार वाजलं की आपल्याच पोटात गोळा येतो. छोट्या कथेला हा साचा फार सूट होतो कारण पात्रांची ओळख करून देण्यात पानं जात नाहीत. दृश्यममुळे ज्यांना हा प्रकार आवडला त्यांनी या बाजूने शिरायला हरकत नाही, प्रश्न २ मधला क्रम सोडून द्या.

९. मोबाईल आणि सीसीटीव्ही आल्यापासून रहस्यकथा संपली ना?

आळशी लेखकाची संपली. तो अजूनही सगळ्यांना ताम्हिणी घाटात नेतो आणि पान दोनवर रेंज घालवतो, बंगला, पाऊस, लाईट गेलेले, झालं. हुशार लेखक फोन चालूच ठेवतो. फोन कोथरूडला होता म्हणून माणूस कोथरूडला होता असं सगळे धरून चालतात, आणि तिथेच तर घोळ असतो. पूर्वी रेल्वेच्या टाइमटेबलवर अशा गोष्टी उभ्या राहायच्या, आता ब्ल्यू टिकवर राहतात. मेलेल्या माणसाच्या फोनवरून सकाळी साडेसातला 'गुड मॉर्निंग' फुलासकट गेलाय, यापेक्षा चांगली सुरुवात काय पाहिजे तुम्हाला?

१०. गोष्टींमधले पोलीस, कोर्ट, पोस्टमॉर्टेम कितपत खरं मानायचं? आणि कलम ३०२ की १०३?

आधी कलमाचं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३. पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ च लागतं. म्हणजे आजच्या गोष्टीत २०१९ च्या खुनाची फाईल उघडली आणि इन्स्पेक्टर ३०२ म्हणाला तर त्याला चूक म्हणू नका, दोन जणांनी असले मेसेज मला उगाच पाठवलेत.

आता शेवटचा तो सीन, सगळे हॉलमध्ये बसलेत, इन्स्पेक्टर बोट रोखतो आणि खुनी रडत रडत कबूल करतो. गोष्ट संपते. आपल्याकडे केस मात्र तिथून सुरू होते, कारण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. त्याने सांगितल्यावरून सुरा विहिरीतून निघाला तर सुरा सापडण्यापुरतं त्याचं सांगणं धरतात. म्हणून खऱ्या तपासात पंच, पंचनामा, सह्या, सील ही सगळी कटकट, आणि ज्या लेखकाला पंचनाम्यातून गोष्ट काढता येते तो माझ्या लेखी मोठा.

आजच्या मुंबईच्या कोर्टात ज्युरी बसवलेली दिसली तर ती गोष्ट परदेशी मालिका बघून लिहिली आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण ज्युरीचा काळ त्यानंतर लवकरच संपला.

मृत्यूची वेळ "रात्री ११ वाजून ४० मिनिटं" असं कोणी डॉक्टर सांगत नाही, अमुक ते अमुक तास असंच सांगतात, त्यात आपल्याकडचा उकाडा सगळा हिशोब बदलतो. प्रश्न ५ मधल्या माझ्या डॉक्टरने 'निदान सहा तास' म्हटलंय ते म्हणूनच. आणि रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावला की फक्त 'फुस्स' आवाज येतो हे विसरा, रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारं चक्र आणि नळी यांच्यात फट असते, आवाज तिथून निघतोच. पिस्तुलाचं वेगळं.

एवढं सगळं कळल्यावर गोष्टी वाचवतात का? वाचवतात. क्लू बरोबर असेल तर मी कायद्याची चूक पोटात घालते, उलटं मात्र जमत नाही.

११. मुलांना काय वयापासून द्यावं? रात्री घाबरतात का?

फेलूदा मुळात संदेश नावाच्या मुलांच्या मासिकासाठीच लिहिला गेला, १९६५ पासून, त्यामुळे दहाव्या वर्षापासून बिनधास्त द्या. त्याआधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. होम्स बाराव्या-तेराव्या वर्षी. घाबरण्याचं म्हणाल तर माझा भाचा खुनाच्या गोष्टी वाचून शांत झोपतो आणि भुताच्या जाहिरातीने दिवा चालू ठेवायला लावतो, ज्याचं त्याचं बघून द्या.

१२. सत्य घटनांवरच्या गुन्हेगारी कथा यातच धरायच्या का?

मी वेगळ्या खणात ठेवते. पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड ज्यांनी जवळून अनुभवलं ते अजून त्यावर आवाज खाली करून बोलतात, ते 'खुनी ओळखा' म्हणून वाचायचं नसतं. मेलेल्यांची घरं अजून आहेत. वाचा जरूर, पण प्रश्न ५ ची करमणूक तिथे नेऊ नका.

१३. ऑडिओवर ऐकलं तर चालेल का? डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

चालेल की, आणि लवकर बरे व्हा. थरारकथा तर ऐकायलाच मस्त. तपासाच्या गोष्टीत मात्र एक अडचण होते, मागचं पान उलटता येत नाही, शिवाय वाचणारा कलाकार नको तिथे आवाज गूढ करतो आणि क्लू आहे हे ओरडून सांगतो. आजींसाठी मी स्वतः वाचून दाखवते तेव्हा मुद्दाम सपाट वाचते, तरी त्यांना कळतं. त्या म्हणतात, तू श्वास घेतेस तिथे.

१४. गोष्टीला शेवटच नव्हता, खुनी सापडतच नाही. हा प्रकार मुद्दाम असतो का?

असतो. काही लेखक सगळे धागे तुमच्या हातात देऊन उठून जातात, आणि नीट बघितलं तर उत्तर आत असतं, फक्त उच्चारलेलं नसतं. अशा वेळी प्रश्न ५ मध्ये सांगितलंय तसं मागे जा आणि मोठ्या आवाजाच्या आधीची वाक्यं बघा.

पण त्याच्याही आधी पान नंबर बघा. एका जुन्या दिवाळी अंकातली कथा वाचून मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता, लेखकाने शेवट कसा अधांतरी ठेवलाय, जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावर गोष्ट सोडून देण्याचं धाडस मराठीत किती जणांकडे आहे वगैरे. बारा जणांनी अंगठा दिला. रात्री दहाच्या सुमारास सी विंगमधल्या नेने आजोबांचा मेसेज आला, "छान लिहिलंयस. मसाल्याच्या जाहिरातीखाली बघ, 'पुढील मजकूर पान १८७ वर' असं आहे."

पान १८७ वर पोस्टमन वर येतो आणि पुढे अजून अडीच पानं गोष्ट आहे.